सात नंबरच्या पेटीचा आकडा

१

शिशाची डबी उघडली आणि आत बेअरिंगचा छर्रा निघाला.

चांगला बोराएवढा छर्रा, तेल पुसून कापसावर नीट ठेवलेला. आत असायला हवी होती कोबाल्टची गोटी. शस्त्रागारातले सगळे तिला गोटीच म्हणत. रेडिएशनचे मोठे मीटर बरोबर चालतात की नाही, हे तपासायला ती ठेवलेली असे. पाच वर्षांपूर्वी नवे मीटर आले, त्यांच्यासोबत नवी गोटी आली आणि ही जुनी डबीत बंद झाली. तेव्हापासून दरवर्षी मोजणीत तिच्यापुढे एकच शेरा पडत होता: ‘डबी जागेवर, सील शाबूत, सर्व बरोबर.’

यंदा वरून हुकूम आला होता की जुन्या गोट्या पुरण्यासाठी परत पाठवा. पाठवायची म्हणून डबी उघडली, नाहीतर तो छर्रा आणखी वीस वर्षं ‘सर्व बरोबर’ राहिला असता.

मी सत्तावीस वर्षं हत्यारांची मोजणी करते. बंदुका मोजल्या, संगिनी मोजल्या, एकदा लष्कराची खेचरंही मोजली. खेचरं बरी, निदान सह्या तरी करत नाहीत. ‘सर्व बरोबर’ हे दोन शब्द दिसले की आताशा मला किळस येते.

मीटर सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाने, त्याला सगळे मीटरवाला म्हणतात, डबीवर मीटर धरला. कुठल्याही भिंतीपाशी होते तेवढीच तुरळक टिकटिक झाली. हत्यारं दुरुस्त करणारा मिस्त्री दोन पावलं मागे सरकला, जणू नसलेली गोटी त्याला चावणार होती.

“मॅडम, तुम्ही आधी बसा,” शस्त्रागाराचे उपप्रमुख म्हणाले आणि त्यांनी स्वतः खुर्ची पुढे ओढली. गोड बोलणारा, नीटनेटका माणूस. दोन दिवसांत मी पाहिलं होतं, हा गृहस्थ कुणालाही उभं ठेवत नसे. “खरं सांगू? वाईट वाटतं, पण आता सगळं लक्षात येतंय.”

“काय लक्षात येतंय?”

त्यांनी खणातून एक पत्र काढलं. पत्र इस्पितळाचं होतं. शस्त्रागाराचे भांडारपाल, ज्यांना सगळे नाना म्हणत, महिनाभर तिथे होते. रक्ताचा आजार. डॉक्टरांनी विचारलं होतं: ‘या रुग्णाचा किरणोत्सर्गाशी कधी संबंध आला होता का? कृपया तातडीने कळवावे.’

“डबी नानांच्या ताब्यात होती,” उपप्रमुख हळू आवाजात म्हणाले. “गोटी त्यांनी काढली, खिशात घालून नेली, कुणाला तरी विकली असेल. तिनेच त्यांना खाल्लं. चोराला देवानेच शिक्षा केली म्हणायची.”

मी पत्रावरची तारीख पाहिली. तातडीचं ते पत्र वीस दिवस खणात पडून होतं.

२

नानांच्या खाटेशी त्यांची मुलगी बसली होती. माझा गणवेश पाहून ती उठली नाही.

“परवा चौकशी समिती बसणार आहे म्हणे,” ती म्हणाली. “नऊ दिवसांनी बाबा निवृत्त होणार होते. आता निरोपाऐवजी बडतर्फीचा कागद देणार. तोच वाचून दाखवायला आलात का?”

“काही विचारायला आलेय.”

“विचारा की. एक महिन्यात त्यांच्या ऑफिसातून कुणी ‘कसे आहात’ असं विचारलं नाही. चोरी झाली तर लगेच माणसं आली.”

तिचं खोटं नव्हतं.

नाना उशीला टेकून बसले होते. अंगावर कातडी आणि हाडं, त्यातून नीट विंचरलेले केस. आवाज मात्र जुन्या भांडारपालाचा, प्रत्येक शब्द जागच्या जागी ठेवणारा.

“मॅडम, डबीला मी हात लावला तो दरवर्षी मोजणीत, सील बघायला. खोलीला दोन किल्ल्या. एक माझी, एक उपप्रमुखांची. पण खरं सांगतो, जेवणाच्या सुट्टीत माझी किल्ली खणात असायची. तेवढं चुकलं माझं.”

“घरी कधी काही आणलंत? खेळणं, धातूचा तुकडा?”

“पेन्सिल आणली नाही.”

“नवीन पेन्सिल मागायला गेलं की आधी जुनीचं बूड दाखवावं लागायचं,” मुलगी म्हणाली. “घरीसुद्धा.” क्षणभर तिला हसू येता येता राहिलं.

“ऑफिसात कुणाशी वाकडं होतं तुमचं?”

“वाकडं कसलं? सगळी भली माणसं. उपप्रमुखांचंच बघा. माझे गुडघे धरायचे, थंडीत उठवायचं नाही. चार वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःची जागा मला दिली. खिडकीपाशी, प्लायवूडच्या भिंतीला लागून. सकाळी दहापासून पाठीवर ऊन. साहेब स्वतः गेले दाराजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. असं कोण करतं?”

“खरंच, कोण करतं?” मी म्हणाले. तेव्हा त्या वाक्याचा अर्थ मलाही कळला नव्हता.

निघताना नानांनी माझी बाही धरली. “एक करा. मी मेलो तर मेलो. चाळीस वर्षं आकडा आला तसा लिहिला, कधी सावरून लिहिला नाही. माझ्या नावापुढे ‘चोर’ लिहून नोकरीचं कार्ड बंद करू नका. हिला ते कार्ड आयुष्यभर वाचावं लागेल.”

मुलीने तोंड खिडकीकडे फिरवलं. दारापर्यंत पोचले तेवढ्यात नाना मागून म्हणाले, “तुम्ही आधीही आला होतात ना मॅडम? दोन वर्षांपूर्वीची मोजणी तुमचीच.”

मला ते आठवतही नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिस्त्रीला गाठलं. त्याच्या टेबलावर सील मारायचा चिमटा उघडा पडला होता. शिशाचं सील त्यात धरून दाबलं की शस्त्रागाराचा शिक्का उठतो. असा चिमटा कुलपात असावा, हा नियम बहुधा हा चिमटा बनला तेव्हापासूनचा आहे.

“हा असाच पडलेला असतो?”

“कुणाला ना कुणाला लागतोच मॅडम. सारखं कुलूप कोण उघडणार?”

“म्हणजे कुणीही सील तोडावं, कुणीही मारावं.”

मिस्त्रीने कान खाजवला. “तसं म्हटलं तर तसंच.”

“आणि तू दुपारी कुठे असतोस?”

“जेवलो की अर्धा तास आडवा होतो. नानांच्या खुर्चीशेजारी बाक आहे ना, त्यावर. नाना पेपर वाचायचे, मी घोरायचो. चार वर्षं झाली. तेवढ्यासाठी कुणी नोकरीवरून काढत नाही ना?”

त्या क्षणी मला या जागेचा वीट आला. चिमटा टेबलावर, किल्ली खणात, पत्र खणात, माणूस बाकावर, आणि वहीत सगळं बरोबर.

मीटरवाला वेगळा होता. उंच, अबोल, बोलताना जमिनीकडे बघणारा. तो इथे येऊन दोनच वर्षं झाली होती.

“गोटी आता किती तगडी असेल?” मी विचारलं.

“डबीत ठेवली तेव्हाच्या निम्मी. कोबाल्ट सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. साबणाची वडी रोज थोडी झिजते तसं. फरक एवढाच, की ही वडी कुणी वापरली नाही तरी झिजते. पण अजून अंगावर घेऊन बसण्यासारखी नाही ती.”

“खिशात घालून घरी नेली असेल नानांनी?”

“नेली असती तर आधी मांडीवर, नाहीतर बोटांवर भाजल्याच्या खुणा असत्या. मी पाहून आलोय त्यांना. कातडी साफ आहे. हे दुरून झालंय, थोडं थोडं, बरीच वर्षं.” तो थांबला. “उपप्रमुखांना सांगितलं मी. ते म्हणाले, तू मीटर बघ, डॉक्टरकी डॉक्टरांना करू दे.”

म्हणजे गोटी बरीच वर्षं नानांच्या जवळपास होती, पण अंगावर नव्हती. नानांच्या घराची झडती मी आदल्या संध्याकाळीच मीटरवाल्याकडून करून घेतली होती. उशा, माळा, नळाखालची बादली, सगळं. मुलगी हाताची घडी घालून पाहत उभी होती. मीटर शेवटपर्यंत शांत राहिला.

मग गोटी होती कुठे?

४

राहिलेली मोजणी तरी संपवावी, म्हणून मी दुपारी बारा पेट्यांकडे वळले.

या पेट्यांत तोफेचा नेम धरायच्या जुन्या पितळी दुर्बिणी आहेत. आकडे अंधारात दिसावेत म्हणून त्या काळी त्यांना रेडियमचा रंग देत. पेट्या सीलबंद. उघडायची तर तीन अधिकारी, सात फॉर्म आणि नवी सीलं लागतात. म्हणून फार पूर्वी कुणीतरी सोपा उपाय काढला: पेटी उघडू नका, पुढच्या अंगावर खडूची फुली आहे तिथे मीटर धरा. रेडियम आत असेल तर मीटर बोलेल. आकडा लिहा, पुढे चला.

मीटरवाल्याने मीटर धरला, मी आकडे लिहिले. सहा पेट्या झाल्या. सातवीला १४४ आला. आजूबाजूच्या सगळ्या पेट्या २४० च्या आसपास होत्या.

“ही कमी का?”

“माहीत नाही. गेल्या वर्षी मी रजेवर होतो, त्याआधी नव्हतोच. आकडे नाना घ्यायचे.”

मी जुनी वही मागवली. नानांचं अक्षर सुबक, एकही खाडाखोड नाही. मी खुर्चीत बसले आणि त्या वहीत जे कुणीच कधी केलं नव्हतं ते केलं. मी आकडे वाचले.

पहिली पेटी: २३८, २४०, २३७, २३९, २३८. दुसरी: २४५, २४३, २४६, २४४, २४५. अकरा पेट्या अशाच, जराशा हलणाऱ्या पण जागा न सोडणाऱ्या. सातवी: २४१, २४४, २१३, १८८, १६३. आणि यंदा १४४.

“रंग जुना झाला की आकडा उतरतो का?” मी विचारलं.

“रंगाची चमक जाते. टिकटिक जात नाही. रेडियम निम्मा व्हायला सोळाशे वर्षं लागतात, मॅडम. आपल्या हयातीत तो आकडा हलायला नको.”

“मग वर्षाला एवढं उतरणारं काय असतं?”

त्याने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. २४४ मधून शंभरातले साडेबारा गेले. पुन्हा साडेबारा. पुन्हा. त्याची पेन्सिल १४३ वर थांबली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“कोबाल्ट,” तो म्हणाला. “या पेटीत रेडियम नाही. गोटी आहे.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्या गोटीसाठी एका आजारी माणसाच्या उशा उसवल्या, ती चार वर्षं शस्त्रागारातच होती आणि दरवर्षी आपला आकडा स्वतः सांगत होती. नाना तो इमानाने लिहून घेत होते. प्रत्येक आकड्याखाली उपप्रमुखांची सही होती, मोजणी अधिकाऱ्याची सही होती. १८८ च्या खालची सही मी ओळखली. वळणदार, घाईची. माझी होती ती.

बराच वेळ मला त्या पानावरून नजर हलवता येईना. दुसऱ्यांची किळस करणं सोपं असतं.

“मीटर घे,” शेवटी मी म्हणाले. “भिंतीच्या पलीकडे चल.”

पेट्यांच्या मागे प्लायवूडची भिंत, आणि भिंतीपलीकडे ऑफिसची खोली. कागदाच्या खोलीत मीटर न्यायचं कुणाला कधी सुचलंच नव्हतं. खिडकीपाशी नानांची खुर्ची रिकामी होती, पाठीची उशी अजून तिथेच होती. मीटरवाला सहा पावलांवर असतानाच टिकटिक वाढली. चार पावलांवर ती एकमेकांत मिसळली. खुर्चीच्या पाठीशी मीटर नेला तेव्हा त्याचा एकच लांब आवाज झाला, आणि बाकावर झोपलेला मिस्त्री दचकून उठून बसला.

“ऊठ,” मी त्याला म्हणाले. “आताच्या आता ऊठ, आणि उद्या इस्पितळात जाऊन रक्त दाखव.”

५

चौकशी समितीच्या दिवशी मी शस्त्रागाराच्या प्रमुखांना सांगितलं, कागद वाचण्याआधी एक पेटी उघडू. तीन अधिकारी होतेच. सात फॉर्म मी रात्री जागून भरले होते.

मीटरवाल्याने सगळ्यांना लांब उभं केलं आणि लांब दांड्याच्या चिमट्याने झाकण काढलं. आत एकही दुर्बीण नव्हती. गोणपाटात बांधलेल्या विटा होत्या. मधोमध पत्र्याच्या डबीत गोटी. गोटी आणि पेटीचं पुढचं अंग यांच्यामध्ये शिशाचा पत्रा होता, घडी घालून जाड केलेला. मागच्या बाजूला काही नव्हतं.

“पितळी दुर्बिणींना शौकिनांत मोठी मागणी आहे,” मी म्हणाले. “चोराने त्या काढल्या. पण रिकामी पेटी मोजणीत बोलणार नाही, म्हणून गोटी घातली. ती फार जोरात बोलली, तर पुढे पत्र्याच्या घड्या वाढवत गेला, फुलीवर मीटर बरोबर २४४ दाखवेपर्यंत. मागच्या बाजूचा आकडा वहीत लिहीत नाहीत, मग तिकडे शिसं कशाला वाया घालवायचं?”

“नाना इतके हुशार असतील असं वाटलं नव्हतं,” उपप्रमुख म्हणाले. चोराच्या उलट्या बोंबा इतक्या मऊ आवाजात मी पहिल्यांदाच ऐकत होते.

“नानांनी केलं असतं तर दरवर्षी उतरता आकडा कशाला लिहिला असता? पेन त्यांच्या हातात होतं. २४४ च पुन्हा पुन्हा लिहिले असते तर आज मलाही कळलं नसतं. ज्याला आत काय आहे ते माहीत नव्हतं, तोच माणूस आकडा आला तसा लिहिणार.”

प्रमुखांनी घड्याळ पाहिलं. “मग मिस्त्री? सीलचा चिमटा त्याचा.”

“चिमटा गावजेवणाच्या डावासारखा सगळ्यांच्या हाती फिरतो. मिस्त्री चार वर्षं या गोटीपासून हातभर अंतरावर घोरतोय. माहीत असतं तर तिथे झोपला असता? मीटरवाला आला दोन वर्षांपूर्वी, गोटी पेटीत गेली चार वर्षांपूर्वी. मी एवढंच पाहिलं, की कोण कुठे बसतं. नाना बसले भिंतीपाशी. मिस्त्री झोपला भिंतीपाशी. भिंतीपासून उठून गेला असा एकच माणूस आहे.”

मी फाइलमधून एक चिठ्ठी काढली. सरकारी ऑफिसात खुर्ची हलवायची तरी चिठ्ठी लागते, आणि चिठ्ठीवर तारीख लागते. ‘भांडारपालांच्या गुडघेदुखीमुळे, माणुसकीच्या नात्याने, माझी खिडकीजवळील जागा त्यांना देण्यात यावी.’ खाली उपप्रमुखांची सही. तारीख त्या वर्षीच्या मोजणीच्या चार दिवस आधीची, ज्या मोजणीत सात नंबरला २४४ आले होते.

उपप्रमुखांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

“तुम्हीही वही वाचली नाहीत,” मी त्यांना म्हणाले. “चोरी करून वर चार-चार सह्या केल्या, आणि आकडा उतरतोय हे तुम्हाला दिसलं नाही.”

“कोण वाचतं?” ते म्हणाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे पुढे म्हणाले, “नानांचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं. पण ती ऑफिसातली सगळ्यात चांगली जागा. मी उठलो आणि ती रिकामी ठेवली, तर कुणीतरी विचारलंच असतं ना, का रिकामी ठेवली म्हणून.”

मी आजवर खूप चोर पाहिले. भुकेपायी चोरणारे, हौसेपायी चोरणारे, सवयीने चोरणारे. कुणाची इतकी शिसारी आली नव्हती. या माणसाला एक खुर्ची भरायची होती, आणि ती भरायला त्याने एक माणूस वापरला, वर चार वर्षं त्याच्याकडून आभार घेतले.

“हे बघा,” प्रमुख हात चोळत म्हणाले, “यांच्यावर कारवाई होईलच. पण गोटीचं प्रकरण बाहेर जायला नको. नानांना सन्मानाने निरोप देऊ, आजार आपला नेहमीचा म्हणून राहू दे. उगाच आभाळ फाटेल.”

“इस्पितळाच्या पत्राला मी काल रात्रीच उत्तर दिलंय,” मी म्हणाले. “एक प्रत वर पाठवली. त्यात १८८ खाली माझी सही आहे, हेही लिहिलंय.”

प्रमुखांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या पानात थुंकले होते. मला बरं वाटलं.

६

समितीनंतर दोन दिवसांनी मी गेले तेव्हा नानांच्या खोलीत दोन डॉक्टर होते. काय झालंय ते आता त्यांना कळलं होतं, औषधं बदलली होती. उपयोग किती होईल ते सांगत नव्हते.

मी मुलीच्या हातात कागद दिला. आरोप मागे, कार्ड साफ. तिने तो दोनदा वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला. मग माझ्यासाठी स्टूल पुढे सरकवलं. खुर्ची पुढे करणाऱ्यांचा मला आता धसका बसला होता, पण मी बसले.

“दुर्बिणी कुणी नेल्या?” नानांनी विचारलं.

खोटं बोलायचा मोह झाला. म्हाताऱ्याकडे एक गोड आठवण होती, ती तरी राहू द्यावी, असं वाटलं. पण ज्याने चाळीस वर्षं आकडा सावरून लिहिला नाही, त्याला सावरून सांगायचं माझ्या जिभेवर येईना. मी सगळं सांगितलं. पेटी, पत्रा, भिंत, चिठ्ठी. खुर्ची रिकामी का ठेवली नाही, तेही.

मुलगी उठून उभी राहिली. “बाबा दर सणाला त्या माणसाला फोन करायचे,” ती म्हणाली. “गेल्या महिन्यात इथून, सलाईन लावलेलं असताना केला. माझ्यामागे माझी जागा साहेबांनी परत घ्यावी म्हणून.”

“घेतो म्हणाले का?” मी विचारलं.

“नको म्हणाले,” नाना म्हणाले. “म्हणाले, तुमच्या जागी जो येईल त्याला देऊ.”

बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेली, तिचं एक चाक कुरकुरत होतं. नाना आपल्या हातांकडे पाहत होते.

“ऊन मात्र चांगलं यायचं तिथे,” ते शेवटी म्हणाले.

मुलीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग ती रडली.

मी पिशवीतून यंदाच्या मोजणीचा तक्ता काढला. भांडारपालाच्या सहीशिवाय तो पुढे जात नाही, आणि नाना अजून पाच दिवस भांडारपाल होते. बारा आकडे मी भरून आणले होते. सातव्याच्या पुढे १४४, आणि शेऱ्याच्या रकान्यात जे निघालं ते सगळं, जागा पुरली नाही म्हणून समासापर्यंत.

नानांनी चष्मा मागितला. प्रत्येक आकड्याखाली बोट फिरवलं. सातव्यापाशी बोट थांबलं, मग पुढे गेलं. त्यांनी पेन घेऊन सही केली, अक्षर हललं पण जागा सोडली नाही. तक्ता माझ्याकडे परत दिला.

“आता तुमची,” ते म्हणाले. “पण या वेळी वाचून करा, मॅडम.”

मी पहिल्या पेटीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.